वर्गोन्नती आणि उत्तीर्णता : उच्च प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाचे वर्षाअखेरचे पालकनिवेदन

महाराष्ट्रातील बहुतेक प्राथमिक शाळांचा वार्षिक निकाल १ मे या दिवशी, किंवा त्याच्या आगेमागे, जाहीर होतो. सकाळी ध्वजवंदन होते, मुलांस खाऊ मिळतो, आणि नंतर वर्गशिक्षक एकेका पालकास पुढे बोलावून प्रगतिपुस्तक त्याच्या हाती ठेवतात. त्यासोबत मुख्याध्यापकाच्या सहीचा एक कागद असतो. अलीकडे तो भ्रमणध्वनीवरील संदेशाच्या रूपानेही जातो. शाळा कोणत्या तारखेस उघडेल, पाठ्यपुस्तके केव्हा परत करावयाची, दाखला हवा असल्यास अर्ज कोणाकडे द्यावयाचा, असा मजकूर त्यात असतो. प्रगतिपुस्तक आणि हा कागद या दोहोंस मिळून प्रस्तुत लेखात ‘वर्षाअखेरचे पालकनिवेदन’ ही संज्ञा योजिली आहे. परीक्षापद्धतीविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. परंतु परीक्षेतून निष्पन्न झालेली गोष्ट पालकापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचते, आणि पोहोचल्यावर त्याला तिचा अर्थ काय लागतो, हा प्रश्न बहुधा कारकुनी समजून बाजूस ठेवण्यात येतो. वस्तुतः शाळा आणि घर यांमध्ये वर्षभरात होणाऱ्या व्यवहारांपैकी लेखी स्वरूपाचा, सहीशिक्क्याचा आणि घरी जपून ठेवला जाणारा व्यवहार हाच होय.

उच्च प्राथमिक टप्प्यावर, म्हणजे ज्यास ‘मिडल स्कूल’ असेही म्हणतात त्या इयत्तांमध्ये, या निवेदनास विशेष महत्त्व येते. खालच्या इयत्तांतील मुलास वाचता येते की नाही हे निरक्षर आईलाही थोडेबहुत उमगते. मूल पाटीवर लिहिते, मोठ्याने वाचते, चुकते, आणि ती ऐकते. सहावीपासून मात्र अभ्यासाचा विषय घरच्या माणसांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतो. अपूर्णांक, बीजगणिताची पहिली चिन्हे, तिसरी भाषा यांत मुलाची गती कितपत आहे हे पाहण्याचे साधन घरात उरत नाही. दहावीची शालान्त परीक्षा तर अद्याप दूर असते. अशा रीतीने तीन वर्षे पालकास मुलाच्या अभ्यासाची जी काही माहिती असते ती शाळेने सांगितलेलीच असते. शाळेने सांगितले नाही, अथवा न कळेल असे सांगितले, तर पालकास ती दुसरीकडून मिळण्याचा संभव फार थोडा.

महाराष्ट्रात या टप्प्याला आणखी एक अडचण आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी गृहीत धरली. परंतु येथील जुनी घडण चौथीपर्यंत, सातवीपर्यंत आणि पुढे आठवीपासून माध्यमिक अशी होती, व इमारती, शिक्षकांच्या नेमणुका आणि गावोगावच्या सवयी त्या घडणीवर बेतलेल्या होत्या. काही शाळांना पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडले गेले. पुष्कळ ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा सातवीलाच संपते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने जो एकच अखंड टप्पा, तो मुलाच्या दृष्टीने दोन संस्थांत वाटला गेलेला असतो. सातवीच्या अखेरीस निवेदन लिहिणारा मुख्याध्यापक पुढल्या वर्षी त्या मुलाचा मुख्याध्यापक नसतो, आणि आठवीच्या अखेरीस निर्णय देणारा मुख्याध्यापक त्या मुलास एकच वर्ष ओळखत असतो.

पूर्वीच्या काळी हे निवेदन म्हणजे निवाडा असे. मूल ‘वर घातले’ किंवा ‘त्याच वर्गात ठेवले’ या दोन वाक्प्रचारांत सारे वार्षिक वृत्त मावत असे. मुंबई प्रांतात सातव्या इयत्तेच्या अखेरीस व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा होई. ती उतरलेल्या मुलास प्राथमिक शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या नोकरीची वाट मोकळी होत असे. या निवाड्याचे दोष सर्वविदित आहेत. मूल का नापास झाले हे त्यात सांगितलेले नसे, शाळेने काय केले हे तर मुळीच नसे, आणि दोनदा नापास झालेले मूल, विशेषतः मुलगी, शाळेतून कायमची निघून जाई. परंतु या निवाड्याचा एक गुण होता, व तो पुढे हरवला म्हणून येथे नमूद करणे अवश्य आहे : तो पालकास समजत असे. ‘नापास’ या शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी कोणास शाळेत जावे लागत नसे.

१ एप्रिल २०१० रोजी उपर्युक्त कायदा अमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास त्याच वर्गात ठेवण्यास अथवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई झाली, आणि एकोणतिसाव्या कलमाने सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाची अपेक्षा व्यक्त केली. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या मूल्यमापनाची पद्धती ठरवून दिली. तीत वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग आहेत. पाचवी व सहावीस त्यांचे प्रमाण ५० : ५० आणि सातवी व आठवीस ४० : ६० असे ठरले. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आल्या, आणि प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले. तळाशी, जेथे पूर्वी ‘उत्तीर्ण’ असे लिहिले जाई, तेथे ‘वर्गोन्नत’ हा शब्द आला.

‘उत्तीर्ण’ म्हणजे पार पडलेला. त्यात काहीतरी पार करून गेल्याची, म्हणजे कसोटीस उतरल्याची कल्पना आहे. ‘वर्गोन्नत’ या शब्दात फक्त वर्ग बदलल्याचे विधान आहे; मुलाला काय येते याविषयी तो शब्द मौन बाळगतो. कायद्याचा हेतू ध्यानी घेता हे मौन योग्यच होते, कारण वर्ग बदलणे आता शिकण्यावर अवलंबून राहिले नव्हते. मात्र हा भेद शासननिर्णय वाचणाऱ्यांस ठाऊक होता, पालकांस नव्हता. ज्या जागी वर्षानुवर्षे ‘उत्तीर्ण’ वाचले त्याच जागी, त्याच मुख्याध्यापकाच्या सहीवर, नवा शब्द दिसल्याने त्यांनी त्याचा जुनाच अर्थ घेतला. पोरगा पास झाला, एवढे त्यांना कळले. शब्द बदलला तरी त्याच्या जागेने अर्थ बदलू दिला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

श्रेणींनीही या गैरसमजास हातभारच लावला. समजा, सहावीतील एका मुलीस गणिताच्या आकारिक मूल्यमापनात ५० पैकी ४० गुण मिळाले. तीत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचा समावेश असतो, आणि वर्गशिक्षक साहजिकच थोडा सैल हात ठेवतो. संकलित मूल्यमापनात, म्हणजे ज्यास पालक परीक्षा समजतात त्या भागात, तिला ५० पैकी १२ गुण मिळाले. बेरीज ५२. श्रेणी क-१. प्रगतिपुस्तकात एवढेच उतरते. लेखी गणित सोडविताना मुलगी पुरती अडखळली आहे ही त्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची बातमी बेरजेत बुडून जाते, आणि तिच्या बापास मधल्या पायरीवरची एक बऱ्यापैकी श्रेणी दिसते. यात कोणी खोटे सांगितलेले नसते. प्रत्येक आकडा नोंदवहीत जसाच्या तसा असतो. वर्णनात्मक नोंदींचा रकाना खरे तर याच ठिकाणी उपयोगी पडावयाचा. परंतु चाळीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत लिहावयाच्या झाल्या म्हणजे शिक्षकाच्या हाताला ठरीव वाक्यांची सवय लागते : गणिताचा सराव आवश्यक, वाचनाकडे लक्ष द्यावे, अक्षर सुधारावे. अशा नोंदींची तयार पुस्तिका समोर ठेवून रकाने भरण्याची चाल पडली, तीत शिक्षकाचा आळस थोडा आणि कामाचा बोजा फार, असेच म्हणावे लागते.

बातमी पोहोचत नव्हती म्हणजे किती मोठी बातमी पोहोचत नव्हती, याचा अंदाज ‘असर’ या ग्रामीण पाहणीवरून येतो. २०१८ च्या पाहणीत देशातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्क्यांस दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सुमारे ४४ टक्क्यांस सुटले. म्हणजे आठवीच्या वर्गातील साधारणतः चौथा हिस्सा मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत नव्हती, आणि ती सर्व मुले कायद्याने सात वेळा वर्गोन्नत होऊन तेथे आली होती. त्यांच्या घरी किती प्रगतिपुस्तके जमली असतील, आणि त्यांपैकी एकात तरी ‘या मुलास वाचता येत नाही’ असे साधे वाक्य असेल काय, हा प्रश्न संशोधकाने विचारण्याजोगा आहे. मुलांस वरच्या वर्गात घालण्याच्या धोरणावर या आकड्यांचे खापर फोडण्याची रीत पडली आहे. परंतु धोरणाने नापास करणे थांबविले, सांगणे थांबविले नव्हते. सांगणे थांबले ते शाळेच्या अंगवळणी पडलेल्या समजुतीमुळे. ती समजूत अशी की, निवाडा नसेल तर निवेदनही नको.

कायद्याची अपेक्षा याच्या नेमकी उलट होती. चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत, त्यांतील एक असे की, त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व इतर संबंधित माहिती त्यांना द्यावी. एका अर्थी परीक्षेचा धाक काढून घेताना त्याच्या जागी सांगण्याचे बंधन घातले गेले. हे बंधन वर्गशिक्षकावर आहे. मुख्याध्यापकाचा त्या पोटकलमात उल्लेख नाही. व्यवहारात मात्र कागद मुख्याध्यापकाच्या सहीने जातो, सभा त्याच्या अध्यक्षतेखाली होते आणि सभेत किती वेळ कोणत्या गोष्टीस द्यावयाचा हे तोच ठरवितो. स्वागत, प्रास्ताविक, सरपंचांचे मनोगत, बक्षीस-समारंभ यांत दीड तास गेला म्हणजे मुलाविषयी बोलण्यास राहिलेल्या वेळात प्रगतिपुस्तकावर सही घेण्यापलीकडे काही होत नाही.

यात मुख्याध्यापकाचीही एक बाजू आहे. कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या शाळेस पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो तो मुलांची संख्या शंभरावर असेल तेव्हाच. लहान गावांतील शाळांत मुख्याध्यापक हा एका वर्गाचा, कित्येकदा दोन वर्गांचा, शिक्षकच असतो. एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासणे, निकालपत्रक करणे, माहितीचे तक्ते भरून वर पाठविणे ही कामे त्याच्यावर एकदम येतात. निवेदनाचा मसुदा म्हणून गतवर्षीचाच कागद तारखा बदलून पुढे सरकतो, याचे नवल वाटू नये.

२०१९ मध्ये या चित्रात मोठा फरक पडला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने सोळावे कलम बदलले : पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, जो विद्यार्थी तीत अनुत्तीर्ण होईल त्यास जादा अध्यापन द्यावे, निकाल लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याची पुनर्परीक्षा घ्यावी, तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्यास त्याच वर्गात ठेवावे की नाही हे संबंधित शासनाने ठरवावे. शाळेतून काढून टाकण्यास असलेली मनाई कायम राहिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत बदल करून या तरतुदीचा अवलंब केला, आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाअखेर पाचवी व आठवीच्या मुलांनी प्रथमच अशी परीक्षा दिली. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुणांची अट आली. सहावी व सातवीस जुनी पद्धतीच चालू राहिली.

परिणामतः एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच सहीने आता दोन भाषांतील निवेदने निघतात. सातवीच्या मुलाच्या पुस्तकात ‘वर्गोन्नत’ म्हणजे पूर्वीप्रमाणे केवळ वर्ग बदलला. आठवीच्या मुलास मात्र उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हे शब्द पुन्हा लागू. ज्या घरात सातवीतली बहीण आणि आठवीतला भाऊ आहे त्या घरातील आईने हा भेद कोठून जाणावा? मुलगी गेली, मुलगा राहिला, असा ती त्याचा अर्थ लावील. आणि मुलीस गणितात भावापेक्षाही कमी येत असले तरी पुढल्या वर्षी आठवीच्या परीक्षेस बसेपर्यंत तिला ते कळणार नाही. सातवीचे निवेदन हे आता खऱ्या अर्थाने आठवीच्या निकालाची पूर्वसूचना झालेले आहे. ते तसे लिहिले मात्र जात नाही.

दोन महिन्यांची मुदत कागदावर पुरेशी वाटते. दिनदर्शिकेवर मांडून पाहिली म्हणजे तिचे खरे माप कळते. निकाल १ मे रोजी लागला तर मुदत जूनअखेर संपते. या काळात उन्हाळ्याची सुट्टी आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते. विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा, जवळजवळ महिनाअखेरीस. म्हणजे जादा अध्यापन सुट्टीतच व्हावयास पाहिजे, अथवा शाळा उघडल्यावर आठ-पंधरा दिवसांत उरकावयास पाहिजे. सुट्टीत मूल मामाच्या गावी जाते, आईबाप लग्नसराईत किंवा शेतीच्या मशागतीत गुंतलेले असतात. या सर्वांत शाळेला पालकाशी समोरासमोर बोलण्याची एकच हमखास संधी असते, ती निकालाच्या दिवशीची. त्या दिवशी दिलेला कागद पालकास कळला नाही तर पुनर्परीक्षेची तरतूद कायद्यात राहूनही मुलाच्या उपयोगी पडत नाही.

उदाहरणासाठी दोन मसुदे कल्पावेत. पहिला असा : ‘आपला पाल्य गणित विषयात अनुत्तीर्ण झाला असून त्यास पुनर्परीक्षेस बसणे आवश्यक आहे, याची नोंद घ्यावी.’ हे वाक्य बिनचूक आहे. त्यातून पालकास भीती कळते, कृती कळत नाही. दुसरा मसुदा असा : ‘तुमच्या मुलास बेरीज, वजाबाकी, गुणाकार येतात. अपूर्णांकांची बेरीज करताना तो वरच्या अंकांची आणि खालच्या अंकांचीही बेरीज करतो, म्हणून उत्तर चुकते. समीकरणे त्याला अद्याप कळलेली नाहीत. ६ मे ते २० मे रोज सकाळी आठ ते दहा शाळेत वर्ग आहे. त्या दिवसांत तो गावात नसेल तर आजच सांगा, म्हणजे दुसरी व्यवस्था करू. परीक्षा जूनमध्ये होईल; तारीख घरी येऊन सांगितली जाईल.’ दुसरा मसुदा चौपट लांब आहे, आणि तो लिहिण्यासाठी शिक्षकाने त्या मुलाची उत्तरपत्रिका गुण देण्यापलीकडच्या दृष्टीने पाहिलेली असली पाहिजे. अनुत्तीर्ण मुले वर्गात चार-सहा असतील तर एवढे काम एका दुपारचे आहे. वर्गात वीस अनुत्तीर्ण असतील तर मात्र तो प्रश्न निवेदनाचा राहत नाही, अध्यापनाचा होतो, आणि मुख्याध्यापकास तो निकालाच्या दिवशी प्रथमच कळत असेल तर वर्षभर तो काय पाहत होता असे विचारावे लागेल.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या नियमांत या दृष्टीने एक उल्लेखनीय गोष्ट आहे. पुनर्परीक्षेनंतरही ज्या मुलास त्याच वर्गात ठेवावे लागेल त्यास, आणि जरूर तर त्याच्या पालकांसही, वर्गशिक्षकाने मार्गदर्शन करावे असे त्यांत म्हटले आहे. तसेच अशा मुलांची यादी शाळाप्रमुखाने ठेवावी व त्यांच्या प्रगतीवर त्याने जातीने लक्ष ठेवावे. शाळाप्रमुखाची जबाबदारी येथे नाव घेऊन सांगितली गेली. परंतु ही जबाबदारी मूल मागे राहिल्यानंतर सुरू होते. यादी ठेवावयाची ती खरी १ मे च्या आधी.

भाषेचा प्रश्न याहून वेगळा नाही. ‘पाल्य’, ‘संकलित’, ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘संपादणूक’ ही प्रशिक्षण वर्गातील परिभाषा निवेदनात जशीच्या तशी उतरते. शास्त्रात परिभाषा अपरिहार्य असते. परंतु ती घरोघर पाठविण्याची वस्तू नव्हे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तर निवेदन इंग्रजीत जाते आणि ते आईवडिलांस मराठीत समजावून सांगण्याचे काम स्वतः विद्यार्थ्याकडेच येते. आपल्याविरुद्धचा अभिप्राय भाषांतरित करण्याचे काम ज्याच्यावर सोपविले जाते त्याच्या भाषांतराविषयी फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत २०१५ च्या शालेय शिक्षणविषयक कायद्याने पालकांस द्यावयाची माहिती समजेल अशा आणि एकसारख्या नमुन्यात, व शक्य तेथवर पालकांस कळेल अशा भाषेत असावी असे बंधन घातले आहे. आपल्या कायद्यात माहिती देण्याचे कर्तव्य आहे, ती कळेल अशी देण्याचा उल्लेख नाही. तो कोणी निषिद्धही केलेला नाही.

ज्यांना वाचताच येत नाही अशा पालकांसाठी कागदाची भाषा सोपी करूनही काम भागत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबे साधारणतः दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या मुलांना स्थलांतराच्या ठिकाणी शिकता यावे म्हणून राज्यात शिक्षण हमी पत्रकाची योजना आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्यास काय येते याची नोंद त्यासोबत जावी, ही कल्पना उत्तम आहे. परंतु सहा महिने फडावर राहून आलेल्या मुलाच्या वर्षाअखेरच्या निवेदनात काय असावे? गैरहजेरीचा आकडा लिहून शाळा मोकळी होऊ शकते. त्या आकड्यामागील कारण आईबापांस शाळेपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते हे की, दिवाळीपूर्वी जे शिकून झाले होते त्यातले किती टिकले, आणि पुढल्या दिवाळीपूर्वीच्या चार-पाच महिन्यांत काय शिकविता येईल. ही गोष्ट तोंडीच सांगावी लागेल, आणि बहुधा संध्याकाळी, त्यांच्या दारात.

सातवीअखेर शाळा संपते अशा ठिकाणी निवेदनास दाखल्याची जोड मिळते. पाचव्या कलमाप्रमाणे मागणी होताच मुख्याध्यापकाने दाखला द्यावयाचा आहे. उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. हा शेवटचा नियम पालकांस सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, कारण पट टिकविण्याची चिंता दोन्ही शाळांस असते. आठवीअखेर अशीच एक बाब राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची आहे. आठवीत परीक्षा देऊन जो विद्यार्थी निवडला जातो त्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परंतु पुढील शिक्षण शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत चालू राहिले तरच. मुलगा हुशार निघाला म्हणून बापाने ऐपतीबाहेर खर्च करून त्यास विनाअनुदानित शाळेत घातले तर शिष्यवृत्ती जाते. निवेदनातील एका ओळीने हे नुकसान टळते.

आतापर्यंत एकेका मुलाच्या वृत्ताचा विचार झाला. निवेदनाचा आणखी एक भाग असावयास पाहिजे, आणि तो जवळजवळ कोठेच आढळत नाही : शाळेने स्वतःविषयी द्यावयाचे वृत्त. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १,००० तासांचे अध्यापन सांगितले आहे; विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक, आणि पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे. यांपैकी वर्षभरात किती पाळले गेले? गणिताची जागा किती महिने रिकामी होती? शिक्षक निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या कामावर किती दिवस गेले? मुलगा गणितात अनुत्तीर्ण झाला हे सांगताना त्याच कागदावर शाळेत ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत गणिताचा शिक्षक नव्हता असे लिहिलेले असेल तर पालक त्या निकालाकडे वेगळ्या दृष्टीने पाहील. मुख्याध्यापक हे लिहीत नाही याचे कारण उघड आहे. रिकाम्या जागेचा दोष त्याचा नसतो, परंतु ती जाहीर केल्याचा दोष त्याच्याकडे येतो. शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात असा नियम आहे, आणि शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे हे तिचे कामच आहे. मुख्याध्यापक एकट्याच्या सहीने जे लिहू धजत नाही ते समितीच्या ठरावाने वाचून दाखविता येते. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते शाळाशाळांत पडून आहेत. त्यांत रिकाम्या जागा आणि बुडालेले दिवस यांची नोंद किती वेळा झाली, आणि त्यांपैकी किती पालकसभेत वाचली गेली, हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेल असा विषय आहे.

सर्वांसमक्ष नावे घेऊन गुण वाचून दाखविण्याची प्रथा मात्र या मोकळेपणात मोडत नाही. शाळेचे वृत्त चारचौघांत सांगावे, मुलाचे त्याच्या आईबापांस. सतराव्या कलमाने मुलांचा मानसिक छळही निषिद्ध केला आहे, आणि टाळ्या वाजत असता शेवटच्या क्रमांकावर उभे राहणे यास दुसरे नाव देता येणे कठीण आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन त्यात यावयाचे असून ते पत्रक घर आणि शाळा यांमधील दुवा व्हावे, त्याला पालकांच्या भेटींची जोड असावी असे म्हटले आहे. २०१० चे वर्णनात्मक रकानेही याच हेतूने आले होते. रकाने वाढल्याने वृत्त वाढेल असे नाही. चाळीस मुलांमागे एक शिक्षक आणि एप्रिलचे तेच पंधरा दिवस असतील तर मोठ्या पत्रकासाठी ठरीव वाक्यांची मोठी पुस्तिका तयार होईल, एवढेच.

पालकाने भरून द्यावयाचा भाग निवेदनास असावा काय, हा प्रश्न काही शाळांनी आपल्यापुरता सोडविलेला असतो. खालची तिसरा हिस्सा जागा कोरी ठेवून तेथे पालकाने सांगितलेले शिक्षक त्याच्यासमोर लिहून घेतो : मुलगी रात्री दिव्याखाली वाचताना डोळे चोळते, मुलगा पहाटे दुधाच्या फेरीला जातो म्हणून वर्गात पेंगतो, दोन वर्षांपासून गणित कळत नाही असे म्हणतो, पण कोणास सांगावयास लाजतो. या कागदाची एक प्रत शाळेत राहते. जूनमध्ये वर्ग बदलतो, कधी शिक्षकही बदलतो, आणि नव्या शिक्षकाने हजेरीपटाबरोबर ही प्रत उघडली तर पहिल्या दिवशी त्या मुलीस पुढच्या बाकावर बसविता येते.